दोघंही खरंच बोलतायत

उपग्रहाच्या हवा-प्रदूषणाच्या नकाशात दुपारची मुंबई बरी दिसते आणि सायनच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा सकाळचा आकडा चढलेला, म्हणजे एक कोणीतरी खोटं, असं काही जण म्हणतात. पटत नाही. सेंटिनेल-५पी या उपग्रहावरचं ट्रोपोमी हे यंत्र जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड हा प्रदूषक वायू मोजतं, तेही दुपारी दीडच्या सुमारास. तोवर खारा वारा सुटलेला असतो, हवा उंचापर्यंत घुसळून निघालेली असते. सकाळी साडेनऊला सायन सर्कलच्या सिग्नलवर डोळे चुरचुरतात, ते त्याला दिसणारच नाही. शिवाय त्याच्या नकाशातला एक चौकोन सुमारे ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा. सायन, धारावी, खाडी, सगळ्यांची एकच सरासरी.

खालचं, म्हणजे केंद्रातलं यंत्रही अगदी धुतल्या तांदळासारखं नाही हं. बऱ्याच यंत्रांत तापवलेल्या मॉलिब्डेनम धातूचा कन्व्हर्टर (मोजण्याआधी वायूचं रूप बदलणारा भाग) असतो. तो नायट्रिक आम्लासारखी इतर संयुगंही नायट्रोजन डायऑक्साइड म्हणूनच मोजतो, त्यामुळे आकडा फुगतो.

ताडून बघायचंच असेल तर केंद्राचा फक्त एक ते दोनचा आकडा घ्या आणि उपग्रहाच्या फाइलमध्ये प्रत्येक चौकोनाला ० ते १ असा गुणवत्तेचा आकडा असतो, तो ०.७५ च्या खाली असलेले चौकोन गाळा. पावसाळ्यात ढगांमुळे फारसं काही हाती लागत नाही. दोघांची एककंही वेगळी, तेव्हा किमती नकोत, चढउतार जुळतात का ते पाहा. आणि हो, उपग्रहाच्या फाइलमधली वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ असते. मी पहिला आठवडाभर ती आठची वेळ आपली सकाळ समजून डोकं खाजवत बसलो होतो!