नव्या गाडीसोबतचं ते जाड पुस्तक कोणी वाचतं का?

धरमपेठकर_ताई
खरं खरं सांगा, कोणी वाचलंय? माझं सात महिने प्लास्टिकच्या पिशवीतच होतं, इन्शुरन्सच्या कागदांखाली.

गाडी डिझेल, छोटी एसयूव्ही. 'अॅव्हरेज देते' म्हणून घेतली. माझं रोजचं फिरणं म्हणजे नागपुरात धरमपेठ ते सदरमधलं ऑफिस आणि परत, संध्याकाळी पोराला लक्ष्मीनगरला ट्यूशनला सोडणं. एका वेळी चार-पाच किलोमीटर, त्यात अर्धा वेळ सिग्नलवर.

एप्रिलमध्ये एक पिवळा दिवा लागला. आडवी डबी, आत ठिपके. मला तर ती तर्री-पोह्याची प्लेट वाटली. गाडी नीट चालत होती, म्हणून नऊ दिवस तशीच फिरवली. दहाव्या दिवशी सदरच्या उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनचा दिवाही लागला आणि गाडीतला जीवच गेला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी बैलगाडी. मागचा ऑटोवाला हॉर्नवरून हात काढेना.

वर्कशॉपमध्ये कळलं की सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो तुंबला होता. मशीन लावून साफ केला, बिल ६,४०० रुपये. वर तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, मॅन्युअल नाही वाचलं काय?" अरे बाबा, डिलिव्हरीच्या दिवशी नारळ, हार, फोटो यांत पाऊण तास घालवला. ब्लूटूथ कसं जोडायचं तेही दाखवलं. या दिव्याबद्दल चकार शब्द नाही!

घरी आल्यावर बाबांनी (वीज मंडळातून रिटायर) पेन्सिल घेऊन पुस्तक उघडलं आणि दहा मिनिटांत ते पान काढून दिलं. हा दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर, ६० च्या वर, साधारण वीस मिनिटं गाडी चालवा. बस्स.

बुटीबोरी_डिझेल
ताई, पुस्तक कोन वाचते हो! आपण तं गाडी घेतली की सरळ ताजबागच्या दर्ग्याला नेतो.
पण तुमचं दुखणं बरोबर पकडलं बाबांनी. काजळी जळायला फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते. चार किलोमीटरात इंजिनच धड तापत नाही, तं काजळी काय जळन! बीएस-६ हे धुराचे नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, बहुतेक नव्या डिझेल कारमध्ये हे झेंगट आहेच. अजून एक सांगतो. काजळी जळणं सुरू असताना दरवेळी मधातच गाडी बंद केली, तं फिल्टर तापवायला सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून पाहा. ऑइल खुणेच्या वर चढलं असन तं ते चांगलं लक्षण नाही, लवकर बदला.

वाडीचा_वाटसरू
मी एकच पान वाचलंय, टायरचं. तेही घाबरून. गेल्या मे महिन्यात समृद्धीवरून शिर्डीला निघालो होतो. पंक्चरवाला म्हणाला, "उन्हाळा आहे भाऊ, २८ च ठेवा, गरम होऊन फुगते." हे नागपुरात प्रत्येकाला पाठ आहे आणि चुकीचं आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबला की जास्त तापतो. ४५ डिग्रीत, पाच माणसं आणि सामान भरून, तासाला १२० नं जाणाऱ्या गाडीत तर हा सरळ धोका. माझ्या गाडीचा आकडा ३३, फुल लोडला ३६. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, चौकटीवर हा आकडा लिहिलेलं स्टिकर असतं. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची.

रामटेक_रिटर्न
रिमोटचा सेल संपला, रामटेकच्या गडाखाली, भर दुपारी. गाडी उघडेना. बायकोनं मोबाइलवर गाडीचं मॅन्युअल शोधलं: रिमोटच्या पोटात साधी किल्ली असते, तिनं दार उघडा, मग रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. झालं काम. पुस्तक गाडीतच कुलूपबंद होतं हे वेगळं सांगायला नको.

संशयी_संत्रावाला
वाचा म्हणणाऱ्यांनी ते लिहिणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवावेत. माझ्या पुस्तकात दर दुसऱ्या ओळीत 'असल्यास'. सनरूफ असल्यास, कॅमेरा असल्यास. आमच्या बेस मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही. शंभर पानं दुसऱ्याच्या श्रीमंतीची वाचली, मग वायपरचं पान सापडलं.

धरमपेठकर_ताई
@संशयी, हसून हसून चहा सांडला. बाबांनी तेच केलंय, जे आपल्या गाडीत नाही त्यावर पेन्सिलीनं काट मारलीय. पुस्तक निम्मं उरलं.

@बुटीबोरी, डिपस्टिक पाहिली, ऑइल खुणेच्या आत आहे. आणि ऐका, परवा ती प्लेट पुन्हा लागली! रविवारी सकाळी सहाला बाबांना शेजारी बसवून वर्धा रोड धरला. खापरीपर्यंत काही नाही. बाबा मांडीवर पुस्तक उघडून, "गिअर चौथा ठेव, पाचवा नको, आरपीएम पडतो." जामठ्याचं स्टेडियम मागे टाकलं आणि दिवा गेला. दोघंही एकदम ओरडलो. तरी बुटीबोरीपर्यंत गेलो, तिथं चहा घेतला.

आता बाबा स्टेपनीच्या पानावर आहेत. पुढच्या रविवारी अंगणात जॅक लावून दाखव म्हणतात.