इंजिन बंद पडलं तर विमान शेतात का उतरवतात, रस्त्यावर का नाही?

उजनीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बारामतीची ट्रेनिंगची विमानं रोज डोक्यावरून जातात. 25 जुलै 2022 ला कडबनवाडीच्या शेतात सेसना 152 हे शिकवायचं छोटं विमान कोसळलं होतं, शिकाऊ मुलगी एकटीच चालवत होती आणि किरकोळ जखमांवर निभावलं. तेव्हापासून आमच्या पारावर वाद चालूय. काही जण म्हणतात इंजिन बंद म्हणजे खेळ खल्लास, विमान थेट खालीच येणार. मग पोरगी वाचली कशी? आणि आसपास चांगले डांबरी रस्ते असताना वैमानिक शेतच का बघतात? शेवटचं, आणि माझ्यासाठी तेच महत्त्वाचं, असं काही झालं तर पहिले पोचणार आम्ही गावकरीच, तेव्हा काय करायचं आणि काय अजिबात नाही करायचं?

डावी_सीट
दादा, प्रश्न एकदम रास्त आहे. त्या दिवशी नेमकं काय झालं त्यावर मी बोलत नाही, पण आम्हाला काय शिकवतात ते सांगतो. इंजिन गेलं तरी पंख शाबूत असतात, त्यामुळे विमान पडत नाही, तरंगत खाली येतं. 152 ला नाक जरा खाली ठेवून 60 नॉट म्हणजे साधारण ताशी 110 किमीचा वेग धरायचा, मग एक फूट खाली येताना ते ढोबळ नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून 3000 फुटांवर असाल तर वारा नसताना आठेक किलोमीटर जाता येतं, पण हातात वेळ जेमतेम चार मिनिटं आणि त्यातच सगळं उरकायचं असतं. आधी वेग धर, मग जागा ठरव, मग इंजिन परत चालू होतंय का बघ, म्हणजे कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), फ्युएल व्हॉल्व (इंधनाचा कॉक), मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) हे सगळं हात सरावाने फिरवतात, आणि रेडिओवर मेडे म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक त्यानंतर. कार्ब हीट आधी का, तर दमट हवेत 20-25 डिग्री तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिनचा श्वास कोंडतो, आपल्याकडे पावसाळ्यात ही भीती खरी असते.

आता रस्ता. वरून तो मोकळा आणि गुळगुळीत दिसतो पण कडेने विजेच्या तारा, आडव्या जाणाऱ्या तारा, पाट्या, झाडं, आणि उसाची ट्रॉली नाहीतर एसटी समोरून येतच असते. तार वरून दिसतच नाही, आम्हाला सांगतात तार शोधू नका, खांब शोधा, दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चाला. शिवाय रस्त्यावरच्या माणसांनी काय पाप केलंय? शेतात विमान मोडेल पण बाकीच्यांचा जीव धोक्यात येत नाही.

हडपसरचा_जुना_ग्लायडरवाला
डावी सीट यांनी छान सांगितलंय. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला आम्ही शिकलो ते बिनइंजिनच्याच विमानावर, प्रत्येक लँडिंग एकाच संधीत बसवायचं, त्यामुळे शेतं बघायची सवय अजून गेली नाही, गाडीतून जाताना पण नजर तिकडेच. काढणी झालेलं बाजरीचं रान उत्तम. नांगरट असेल तर नांगराच्या तासाला धरून उतरायचं, आडवं कधीच नाही. पावसानंतरच्या काळ्या रानात पुढचं चाक रुततं आणि विमान पालथं होतं, म्हणून हातातला दांडा मागे ओढून नाक शेवटपर्यंत वर धरायचं. उभा ऊस वरून गादीसारखा दिसतो पण त्यात चाकं अडकली की तीच गत. आणि आपल्या भागात विहिरी आणि शेततळी, त्यातली कठडा नसलेली विहीर अगदी खाली आल्यावरच दिसते आणि तेव्हा वळायला उंची उरलेली नसते.

वेगाचं गणित मात्र सगळ्यांनी समजून घ्या. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ताकद चौपट होते. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर, फ्लॅप म्हणजे पंखामागच्या झडपा पूर्ण खाली सोडून, जेवढं हळू टेकता येईल तेवढं टेकायचं, पण स्टॉल होऊ द्यायचा नाही, म्हणजे वेग इतका कमी नको की पंखांची उचल सुटेल, कारण विमान अजून उंचावर असतानाच उचल सुटली तर कितीही चांगलं शेत असून उपयोग नाही. मग कुंपणाला पंख तुटू दे, चाकं जाऊ दे, माणूस बसलाय तो डबा शाबूत राहिला पाहिजे. विमान वाचवायच्या नादात लोक वेग आणि ताबा दोन्ही घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फिनिक्सकर_मराठी
इथे ॲरिझोनात शिकतेय, एक भर घालते. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर उंची नसते, तेव्हा मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह जीवघेणा ठरतो, समोर जे असेल त्यातलं बरं निवडायचं. 5 मार्च 2015 ला हॉलिवूडचा नट हॅरिसन फोर्ड कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाहून रायन कंपनीच्या जुन्या विमानातून निघाला आणि इंजिनची ताकद गेली, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला परत येतोय म्हणून सांगितलं पण धावपट्टी गाठता आली नाही, जवळच्या पेनमार गोल्फ कोर्सवर उतरवलं, झाडाला घासून. हाडं मोडली पण वाचला, आणि जमिनीवर कुणाला लागलं नाही. तपासात निघालं की कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारा भाग, सैल होऊन सुटला होता. खांद्याच्या पट्ट्याची जोडणी नीट नव्हती म्हणून जास्त लागलं हेही निघालं. तेव्हा काका, पट्टा करकचून बांधणं हेही त्या चार मिनिटांत धरा.

उजनीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, आता पारावर नीट सांगता येईल. पण गावकऱ्यांचं राहिलं की.

डावी_सीट
हो दादा. पहिलं 112 ला फोन, आणि जागा सांगताना गट नंबर नको, जवळची वस्ती आणि रस्ता सांगा. बिडी, काडी, लायटर लांब, पंखांच्या टाक्यांत पेट्रोल असतं आणि ते गळत असेल तर मोटारसायकली पण लांबच उभ्या करा. पंख्यासमोर कुणी जायचं नाही, बंद पडलेला पंखा हाताने हलला तरी इंजिन फिरू शकतं. पायलट शुद्धीवर असेल तर मास्टर स्विच, म्हणजे विमानाच्या विजेचं मुख्य बटण, बंद केलाय का विचारा. मान-पाठ दुखतेय म्हणाला आणि आगीची भीती नसेल तर ओढाओढ करू नका, ॲम्ब्युलन्स येऊ द्या. पट्टा सोडताना माणसाला आधार द्या, पालथ्या विमानात तो उलटा लटकलेला असतो आणि बक्कल सुटलं की डोक्यावर पडतो. माणूस बाहेर निघाला की विमानाला हात लावायचा नाही, तुकडा पण उचलायचा नाही, तपासणारे तेच बघायला येतात.

उजनीकाठ
हे जसंच्या तसं ग्रुपवर टाकतो, पोलीस पाटलांना पण देतो.