मदत हवी आहे : ऑर्डर सर्व्हरवर पोहोचते, ब्राउझर मात्र ‘पोहोचली नाही’ म्हणतो

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या आत्यांचा फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. दिवाळीच्या ऑर्डरी आजवर फोनवरून घेऊन वहीत लिहिल्या जात. यंदा त्यासाठी एक लहानसे संकेतस्थळ सुरू झाले आहे. ते ज्या विद्यार्थ्याने करून दिले तो नोकरीनिमित्त परगावी गेल्यामुळे देखभाल आता माझ्याकडे आली आहे. मला पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) बऱ्यापैकी येते, जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) कामापुरती येते.

ग्राहक पदार्थ निवडतो, नाव, पत्ता व पिनकोड भरतो आणि ‘ऑर्डर पाठवा’ हे बटण दाबतो. स्क्रिप्ट एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट (पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची ब्राउझरमधली सोय) वापरून ही माहिती पोस्ट पद्धतीने (विनंतीच्या आत घालून), नेहमीच्या फॉर्मच्या स्वरूपातच, सर्व्हरकडे पाठवते आणि उत्तरादाखल जेसन या मजकुराच्या स्वरूपात ऑर्डर क्रमांक आला की तो पानावर दाखवते. अनेकांच्या बाबतीत हे सुरळीत चालते. काही ग्राहकांच्या फोनवर मात्र ऑनलोड (उत्तर आल्यावर चालणारा भाग) ऐवजी ऑनएरर (विनंती फसल्यावर चालणारा भाग) चालते आणि ‘ऑर्डर पोहोचली नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश दिसतो. खरी गंमत पुढेच आहे, कारण त्याच वेळी ती ऑर्डर डेटाबेसमध्ये व्यवस्थित नोंदलेली असते. ग्राहक बिचारा संदेशावर विश्वास ठेवून पुन्हा बटण दाबतो. परवा अलकापुरीतल्या एका घरून दोन किलो भाजणीची चकली आणि एक किलो अनारसे अशी हुबेहूब तीच ऑर्डर लागोपाठ तीनदा आली. आत्यांना शंका येऊन त्यांनी फोन केला म्हणून बरे, नाहीतर सहा किलो जादा फराळाची तयारी सुरू झाली असती.

ऑनएररमध्ये मी तात्पुरती भर घालून तपशील पानावरच छापून घेतला. रेडीस्टेट ४ (म्हणजे विनंती संपली), स्टेटस ०, स्टेटस टेक्स्ट रिकामे, एवढेच हाती लागले. होस्टिंगवाल्यांना विचारले असता त्यांनी लॉग पाठवला. त्यात त्याच वेळेच्या त्याच विनंतीपुढे २०० (म्हणजे यशस्वी) असे स्वच्छ लिहिलेले आहे आणि ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’ या वाक्यावर त्यांनी विषय संपवला आहे. पीएचपीचा एरर लॉग कोरा आहे. संपूर्ण स्थळ एचटीटीपीएसवर असून पानात कुठेही साध्या एचटीटीपीचा दुवा नाही. लॉगिन नाही, कुकी नाही. टाइमआउट ठरवून दिलेला नाही, म्हणजे ब्राउझर आपणहून कंटाळून विनंती सोडून देतो असेही म्हणता येत नाही. माझ्या लॅपटॉपवर क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींत हा दोष एकदाही दिसलेला नाही, आणि ज्या फोनांवर दिसतो ते ग्राहकांचे असल्यामुळे त्यांचे कन्सोल (त्रुटी दाखवणारी ब्राउझरची खिडकी) मला पाहता येत नाही.

स्टेटस ० म्हणजे उत्तर आलेच नाही, असे मी समजत होतो. मग सर्व्हर २०० कोणाला देतो आहे? शोध कुठून सुरू करावा, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिलेला नसेल तर ते आपोआप सबमिट बटण ठरते. मग स्क्रिप्टची विनंती अर्ध्या वाटेवर असतानाच ब्राउझर फॉर्म सादर करून पान बदलतो आणि आधीची विनंती रद्द होते. अशा वेळीही स्टेटस ० च मिळतो, आणि विनंती निघून गेलेली असल्यास सर्व्हर आपले काम पूर्ण करतो. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’ सुरू ठेवून पाहिल्यास ती विनंती ‘कॅन्सल्ड’ म्हणून तांबड्या अक्षरांत दिसेल. प्रिव्हेंट डिफॉल्ट (ब्राउझरची ही आपोआपची कृती थांबवणारी सूचना) लावलेले आहे का?

धागाकर्ता

आभारी आहे. सबमिटच्या हँडलरमध्ये पहिलीच ओळ प्रिव्हेंट डिफॉल्टची आहे. शिवाय दोष येतो तेव्हा पान बदलत नाही, भरलेली माहिती जागेवरच राहते आणि त्यावर चुकीचा संदेश येतो. त्यामुळे ही शक्यता बाद धरावी लागेल.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांनी दिलेली लक्षणे एकत्र वाचली तर उत्तर बरेचसे त्यांतच आहे. सर्व्हरने २०० दिला, नोंद झाली आणि तरीही स्क्रिप्टला ० मिळाला, याचा अर्थ उत्तर ब्राउझरपर्यंत आले पण ब्राउझरने ते स्क्रिप्टच्या हाती दिले नाही. ब्राउझर असे करतो ते बहुधा एकाच कारणाने : पान एका ओरिजिनवरचे आहे आणि विनंती दुसऱ्या ओरिजिनकडे गेली आहे. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्टचे नाव आणि पोर्ट हे तिन्ही मिळून. त्यामुळे आपल्या दृष्टीने एकच असलेले स्थळ पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडले तर ब्राउझरच्या लेखी ते वेगळे ओरिजिन ठरते.

फॉर्मच्या स्वरूपातली पोस्ट विनंती ‘साधी’ समजली जाते. तिच्यासाठी ब्राउझर आधी ऑप्शन्स ही वेगळी विनंती पाठवून परवानगी न मागता ती थेट पाठवतो. उत्तरात अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन हे हेडर (कोणत्या ओरिजिनला उत्तर वाचू द्यावे हे सांगणारी, उत्तरासोबतची ओळ) नसेल, तर तो ते उत्तर झाकून ठेवतो आणि ऑनएरर चालवतो. कॉर्स (दोन ओरिजिनांमधल्या देवाणघेवाणीचे हे नियम) हे वाचण्यावरचे बंधन आहे. साधी विनंती पाठवण्यावरचे नव्हे. तुमची विनंती जेसनमध्ये जात असती, तर आधी ऑप्शन्स गेली असती, तिथेच अडली असती आणि ऑर्डर नोंदलीच गेली नसती. तिप्पट चकली झाली ती फॉर्मच्या स्वरूपामुळे.

म्हणून दोन गोष्टी तपासा. स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिला आहे का, आणि ग्राहक नेमक्या कोणत्या दुव्यावरून येतात? पत्त्याच्या पट्टीवर विसंबू नका. क्रोम २०१९ पासून त्या पट्टीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू दाखवतच नाही, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही पत्ते सारखेच दिसतात. कन्सोलमध्ये लोकेशन डॉट ओरिजिन लिहिल्यास खरे नाव कळेल.

धागाकर्ता

अगदी हेच निघाले. स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना पूर्ण पत्ता आहे. मी स्वतः नेहमी तोच टंकून उघडतो. आत्यांच्या मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या संदेशात मात्र दुवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आहे, आणि तो लॅपटॉपवर उघडताच दोष पहिल्याच खेपेस दिसला. कन्सोलमध्ये कॉर्सचा तांबडा मजकूरही होता. आता सर्व्हरवर त्या हेडरमध्ये तारांकन घातले तर काम भागेल का?

प्रतिसाद ३

भागेल. कुकी जात नसल्यामुळे तारांकन चालते. एक ओळ घाला आणि मोकळे व्हा.

प्रतिसाद २

चालेल, पण मी तसे करणार नाही. तारांकनाचा अर्थ जगातल्या कोणत्याही पानावरच्या स्क्रिप्टला हे उत्तर वाचू देणे असा होतो. आज त्यात नुसता ऑर्डर क्रमांक आहे. उद्या कोणी त्यात ग्राहकाचे नाव व पत्ता घातला, तर हे हेडर कोणाच्या लक्षातही राहणार नाही. शिवाय इथे दुसऱ्या ओरिजिनकडे जाण्याची गरजच नाही. स्क्रिप्टमधला पत्ता होस्टच्या नावाशिवाय, नुसत्या तिरप्या रेघेपासून सुरू करा. पान ज्या नावाने उघडले असेल त्याच नावाकडे विनंती जाईल. बदल केल्यावर स्क्रिप्टच्या फाइलच्या दुव्यामागे प्रश्नचिन्ह लावून आवृत्तीचा नवा आकडा द्या, म्हणजे फोनांनी साठवून ठेवलेली जुनी प्रत वापरली जाणार नाही.

दोन्ही पत्त्यांपैकी एक कायमचा ठरवून दुसऱ्यावरून ३०१ ने (कायमच्या वळवणीच्या कोडने) वळवावे, हेही योग्यच आहे. पण क्रम पाळा. स्क्रिप्ट सुधारण्याआधी तिच्यातल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना पत्त्यावरच वळवणी लावलीत, तर ३०१ नंतर ब्राउझर पोस्टची गेट (आत माहिती न नेणारी विनंती) करतो आणि फॉर्ममधली माहिती वाटेतच गळते. आज ऑर्डरी तिप्पट येत आहेत, तेव्हा त्या येणारच नाहीत. पोस्ट तशीच राखायची असेल तर ३०८ वापरावा लागतो.

धागाकर्ता

पत्ता बदलला, आकडा बदलला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यावरूनही ऑर्डर क्रमांक दिसू लागला. वळवणी दोन दिवसांनी लावीन. एक शंका उरते : प्रवासात किंवा लिफ्टमध्ये खरोखरच नेटवर्क तुटले, तर सर्व्हरवर नोंद होऊन उत्तर हरवण्याचा प्रसंग पुन्हा येऊ शकतोच. तेव्हा दुबार ऑर्डर कशी ओळखावी?

प्रतिसाद २

येऊ शकतो, आणि तो क्लायंटच्या बाजूने पूर्णपणे टाळता येत नाही. फॉर्म उघडतानाच एक विशिष्ट क्रमांक तयार करून तो दडवलेल्या रकान्यात ठेवा आणि डेटाबेसमध्ये त्या स्तंभावर युनिक निर्देशांक (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदू न देणारा) लावा. बटण दाबताना क्रमांक तयार केलात तर उपयोग शून्य, कारण प्रत्येक दाबणीला नवा क्रमांक मिळेल. तोच क्रमांक पुन्हा आला, तर पीएचपीने त्रुटी न देता आधीचाच ऑर्डर क्रमांक परत पाठवावा. यशस्वी उत्तर मिळाल्यावर मात्र रकान्यात नवा क्रमांक भरायला हवा, नाहीतर कोणी त्याच पानावरून खरोखरच आणखी एक किलो चकली मागवली तर ती ऑर्डर दुबार समजून गिळली जाईल. ब्राउझरमध्ये यासाठी क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी आहे. जुन्या फोनांवर ते नसते, म्हणून तुमचे पान पीएचपीतूनच तयार होत असेल तर क्रमांकही तिथेच तयार करून द्या आणि पानाला कॅश-कंट्रोलचे नो-स्टोअर लावा, म्हणजे साठवलेल्या प्रतीतला जुना क्रमांक पुन्हा वापरला जाणार नाही.

आणि तो संदेशही बदला. स्टेटस ० आला तर ‘पोहोचली नाही’ असे ठामपणे म्हणण्याइतकी माहिती स्क्रिप्टकडे नसते. ‘ऑर्डर पोहोचली की नाही याची खात्री झाली नाही, पुन्हा दाबल्यास ती दोनदा नोंदली जाणार नाही’ असे लिहिलेत, तर ते खरेही असेल आणि आत्यांना फोनही कमी येतील.