मदत हवी आहे: दिव्यांग भावाच्या गाडीचा रोड टॅक्स माफ होतो की नाही? डिलिव्हरी अडली आहे

विक्रोळीकर
नमस्कार, जरा तातडीने उत्तर हवं आहे. भावासाठी नवी गाडी घेतोय. दिव्यांगांना टॅक्स माफ असतो, असं ऐकून होतो. शोरूमवाला म्हणतो, आधी टॅक्स भरा, पासिंग करून घ्या, भावाला चालवता यावी म्हणून लागणारं किट नंतर बसवा. आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, किट बसवलेली गाडी दाखवा, मग माफीचं बघू. गाडी नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे टॅक्सच लाखभर होतो. शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो म्हणतायत. कागद काय लागतात तेवढं सांगा.

रानपाखरू
कोणता पाय की हात? किती टक्के? यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का? गाडी भाऊ स्वतः चालवणार की दुसरं कोणी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

अण्णा गिरगाव
पहिलं काम म्हणजे दिल्लीला अवजड उद्योग मंत्रालयाकडे अर्ज. जीएसटी 28 चा 18 होतो. 2019 ला पुतण्याच्या गाडीसाठी मी स्वतः केलंय. अस्थिव्यंग 40 टक्के किंवा वर हवं, गाडी चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, आणि पाच वर्षं विकता येत नाही. कागद व्यवस्थित लावा, काम होतं.

स्टेअरिंग
अण्णा, ते गणित बदललं. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाडीवर सगळ्यांनाच 18 टक्के आहे. चार मीटर, पेट्रोल 1200, डिझेल 1500, म्हणजे पूर्वी सवलत ज्या मापाच्या गाड्यांना होती त्याच या. आणि धागाकर्ते रोड टॅक्सचं विचारतायत. तो राज्याचा, 1958 च्या मोटार वाहन कर कायद्यातला. त्याचा दिल्लीशी संबंध नाही.

अण्णा गिरगाव
सगळ्यांना स्वस्त झालं ते चांगलंच. पण ज्याला गाडीच्या किमतीवर किटचा खर्च वेगळा करावा लागतो, त्याला सगळ्यांच्या रांगेत उभं करायचं हे मला पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 41 आहे, गाडीत बदल करून घेण्यासाठी सवलती द्या असं त्यात आहे. ते कुणी वाचतं का?

विक्रोळीकर
उजवा पाय गुडघ्याखाली नाही, कृत्रिम पाय लावतो. 60 टक्के, यूडीआयडी आहे. गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक, चालवणार तोच. लायसन आहे. आता टॅक्सचं सांगाल का कुणी?

हिरवी नंबरप्लेट
इलेक्ट्रिक घ्या! महाराष्ट्रात रोड टॅक्सच नाही, जीएसटी 5 टक्के, गिअर नाही, क्लच नाही. दिव्यांग असा की नसा, माफी मिळतेच. मला कळत नाही लोक आजही पेट्रोल का घेतात.

विक्रोळीकर
आम्ही चाळीत राहतो. गाडी रस्त्यावर उभी राहणार. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडू का?

हिरवी नंबरप्लेट
ऑफिसात चार्जिंग असेल की. विचारून तर बघा.

बिनक्लचची
लायसन अपघाताच्या आधीचं की नंतरचं? हे फार महत्त्वाचं आहे.

विक्रोळीकर
आधीचं. साधं एलएमव्ही, म्हणजे नेहमीच्या कारचं. मुदत अजून बरीच आहे.

बिनक्लचची
मग ते आधी बघा. उजवा पाय नसताना साध्या लायसनवर चालवणं धोक्याचं आहे. अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल, म्हणजे दिव्यांगासाठी बदल केलेली गाडी, हा लायसनचा वेगळा प्रकार आहे, जुन्या कार्डांवर त्यालाच इनव्हॅलिड कॅरेज लिहिलेलं असायचं. बदल केलेल्या गाडीवरच टेस्ट द्यावी लागते. माझा डावा पाय पोलिओचा आहे, मी त्यातून गेले आहे.

कोकणकडा
उगाच घाबरवू नका. माझ्या मावसभावाचा पाय असाच आहे, कृत्रिम पाय लावून नेहमीची ऑटोमॅटिक चालवतो. कुणी अडवलं नाही.

बिनक्लचची
पोलीस नाही अडवणार, विमा कंपनी अडवेल. ठोकर लागली की सर्वेअर पहिलं लायसन मागतो.

स्टेअरिंग
ताईंशी सहमत. कृत्रिम पायाला पेडल किती दाबलं गेलं ते कळत नाही, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे घेतात. ब्रेकच्या डाव्या बाजूला दुसरं पेडल बसतं आणि मूळच्या उजव्या पेडलवर पत्र्याचं झाकण येतं, म्हणजे कृत्रिम पाय चुकून त्यावर पडला तरी गाडी सुटत नाही. घरातलं दुसरं कुणी चालवणार असेल तर डावं पेडल वर दुमडायचं, झाकण काढायचं. किट घेताना पुण्याच्या एआरएआयची (गाड्या तपासणारी संस्था) मान्यता आहे का ते विचारा.

तुमच्या अडचणीबद्दल: आमची गाडी तात्पुरत्या नोंदणीवर शोरूममधून बाहेर काढली, किट बसवलं, बिल घेतलं, मग आरटीओत तपासणीला नेली. फॉर्म 20 मध्ये, म्हणजे नोंदणीच्या अर्जात, मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ लिहून घ्या. 22 ऑक्टोबर 2020 च्या अधिसूचनेने तो रकाना आला आहे. शोरूमची मुलं सवयीने ‘वैयक्तिक’ लिहून मोकळी होतात.

शीवचा
मुंबईत गाडी हवीच कशाला? साइड व्हीलवाली स्कूटर घ्या. स्वस्त, पार्किंगला सोपी. नाहीतर लोकलला दिव्यांगांचा डबा आहेच.

विक्रोळीकर
सकाळी घाटकोपरला त्या डब्याच्या दारात कोण उभं असतं ते या एकदा बघायला. धडधाकट माणसं. भाऊ कुबडी पुढे करून जागा मागतो तेव्हा कार्ड दाखव म्हणतात. आणि जुलैत भर पावसात स्कूटर? गाडीचं ठरलं आहे, ते सोडून बोला प्लीज.

मुलुंडची
थोडं विषयांतर. काकांना अजिबात ऐकू येत नाही, त्यांना लायसन मिळेल का?

रानपाखरू
मिळतं. ऐकू न येणाऱ्यांना लायसन देता येतं असं केंद्राने 2016 मध्येच स्पष्ट केलंय. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणालाही 2020 पासून परवानगी आहे. वेगळा धागा काढा ना.

विक्रोळीकर, एक राहिलं. बुकिंग कुणाच्या नावावर आहे?

विक्रोळीकर
बाबांच्या. कर्ज त्यांच्या पगारावर आहे. पण गाडी भावाचीच, हे शोरूमला पहिल्या दिवसापासून सांगितलंय.

स्टेअरिंग
तिथेच सगळं अडलंय! आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) दिव्यांग व्यक्तीच्या नावावर नसेल तर माफी कुणाला देणार? पासिंगच्या आधी बुकिंग भावाच्या नावावर करा, बाबांना बँकेत सहकर्जदार ठेवा. एकदा आरसी निघाली की नाव बदलायला हस्तांतराचं नवं प्रकरण लागतं.

बिनक्लचची
आणि विम्याची नोट आधीच बाबांच्या नावाने काढली असेल तर तीही बदला. दिव्यांगांसाठी बदल केलेल्या गाडीला मोटर टॅरिफमध्ये (गाडीच्या विम्याच्या नियमांत) आयएमटी 12 या कलमाखाली ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर 50 टक्के सूट आहे. एजंट आपणहून सांगत नाहीत, विचारायला लागतं. त्यासाठी किटची नोंद आरसीवर हवी.

विक्रोळीकर
बँकेशी बोललो. नाव बदलायला तयार आहेत, बाबा सहकर्जदार. भावाचा पगार दाखवावा लागेल. शोरूमने शुक्रवारचा सोमवार केला. लायसनच्या टेस्टसाठी किट बसवलेली गाडी हवी आणि तीच अजून हातात नाही, त्याचं काय करायचं?

बिनक्लचची
मला अशी गाडी असलेल्या ट्रेनिंग स्कूलने टेस्टला गाडी दिली होती. डाव्या अ‍ॅक्सिलरेटरची आहे का ते फोनवरच विचारा. बऱ्याच ठिकाणी फक्त हँड कंट्रोल असतं, आणि भावाची टेस्ट त्यावर घेऊन उपयोग नाही.