'स्टॉपओव्हर'ला मराठीत काय म्हणायचं, मुक्काम की विसावा?

गवतफुला: इथे ऑन्टारियोत मराठी शाळेच्या मुलांसाठी पक्ष्यांच्या स्थलांतरावर दोन पानं लिहितेय आणि एका शब्दावर अडलेय. लेक ईरीच्या काठी लाँग पॉइंटला छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांना रेडिओ टॅग लावतात. स्वेन्सन्स थ्रश जेमतेम ३० ग्रॅमचा, म्हणून टॅग एका ग्रॅमच्याही आतला, मांड्यांभोवती दोन बारीक फासे आणि शेपटीमागे केसासारखी तार. मोटस म्हणजे असे टॅग टिपणाऱ्या टॉवरचं जाळं, त्याचे टॉवर साधारण १५ किमीवरून सिग्नल पकडतात, मग पक्षी कुठे किती दिवस थांबला ते कळतं. त्या थांबण्याला मी 'मुक्काम' लिहिलं. आई फोनवर म्हणाली चूक, मुक्काम रात्रीचा असतो. आता?

वारकरी_मन: आईंचं बरोबर आहे ताई. वारीत दुपारी विसावा, रात्री मुक्काम, कोणी उलटं बोललं की आमचे आजोबा लगेच टोकायचे. तुमचे पक्षी रात्री उडतात ना, मग दिवसाचा तो विसावाच.

गवतफुला: पण विसावा म्हटलं की मुलांना वाटणार पक्षी झोपलाय! तो तर दिवसभर खात असतो. ब्लॅकपोल वॉर्बलर एरवी १२ ग्रॅमचा, अटलांटिकवर झेप घ्यायच्या आधी खाऊन खाऊन जवळपास दुप्पट होतो. झुडपात हलत असतो म्हणून सिग्नलही सारखा कमीजास्त, आणि अंधार पडून पक्षी उडाला की एकदम जोरात येतो आणि मग गायब.

अक्षरमित्र: मुक्काम मुळात अरबी. विश्रामस्थल हा आपला शब्द आहे, तो वापरा, नाहीतर मुलांना कळणार कधी?

सह्याद्रीवारा: विश्रामस्थल म्हटलं की मला सरकारी पाटी दिसते. मुक्काम इतकी शतकं वापरतोय, आता तो आपलाच. नाहीतर पडाव घ्या.

मालवणचा: पडाव म्हणजे आमच्याकडे होडी. आजोबा पडावावर होते. थांबायचा पडाव हिंदीतला, तो नको.

रानवाट: मुक्कामाला रात्रच लागते हे मला पटत नाही. पत्त्यावर मु. पो. लिहितो तिथे माणूस जन्मभर राहतो. १९७३ मध्ये बिल कॉक्रन या संशोधकांनी रेडिओ टॅग लावलेल्या एका स्वेन्सन्स थ्रशचा माग काढत इलिनॉयपासून मॅनिटोबापर्यंत गाडी चालवली, सात रात्री, १५०० किमी. पक्षी वर अंधारात आणि हे खाली रस्त्यावर. उजाडलं की पक्षी झाडीत उतरणार, तेव्हाच यांनाही थांबता येणार. त्या दोघांचा मुक्काम दिवसाच की!

वारकरी_मन: मु. पो. वेगळं हो दादा, तो राहण्याचा पत्ता. रात्री गावात थांबणारी एसटी असते तिला मुक्कामी गाडी म्हणतात, दुपारी तासभर थांबणारीला कोणी म्हणत नाही.

सह्याद्रीवारा: मुक्कामी गाडी? आमच्याकडे वस्तीची गाडी म्हणतात.

मालवणचा: आमच्याकडेही वस्तीचीच. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, आई त्यांना भाकरी आणि कुळथाची पिठी पाठवायची, आणि पहाटे पाचला हॉर्न वाजला की सगळी वाडी उठायची.

वारकरी_मन: आमच्या गावची शाळेच्या ओट्यावर झोपायची माणसं. पण गाडी मुक्कामीच.