पत्ता नाही, दाखला नाही: शाळाप्रवेश कसा?

प्रश्न: नाशिकमधल्या द्वारका भागातल्या उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या कुटुंबातली ९ वर्षांची मुलगी, शाळेत कधीच गेलेली नाही. शाळा जन्मदाखला नि आधार मागते, वर ‘जूनमध्ये या’ म्हणते. काय करावं?

उत्तर १: तिन्ही अडवणुकी बेकायदा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं वयाचं घोषणापत्र चालतं. कलम १५: वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावाच लागतो. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी नकाराचा मागमूस राहत नाही, म्हणून तर तो तोंडी देतात!

उत्तर २: आधारचं खरं दुखणं वेगळंच आहे. संचमान्यतेत (पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवतात त्यात) आधार जुळलेली मुलंच धरली, की शिक्षकांची पदं घटतात, म्हणून मुख्याध्यापक कचरतात. पण नाव आधी जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, चढतं, आधार मागाहून काढता येतं. पहिलीत बसवू देऊ नका; कलम ४ नुसार वयानुरूप वर्ग, म्हणजे साधारण चौथी, आणि सोबत विशेष प्रशिक्षण, किमान ३ महिने. हे प्रशिक्षण कागदावरच राहतं, तेव्हा कोण, कधी शिकवणार ते विचाराच.

उत्तर ३: दाद लागली नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे कलम ३२ खाली लेखी तक्रार, पोचेची प्रत जोडून. कुटुंब ऊसतोडीला वगैरे जाणार असेल तर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलं जाणारं कार्ड) मागून घ्या, तिकडच्या शाळेत ते दाखवायचं.