जत्रेतला डबा आणि आरपीजीतली गोष्ट

खाजणकाठ

परवा क्रोनो ट्रिगर दुसऱ्यांदा संपवला. १९९५ चा जपानी खेळ, माझ्याकडे फोनवर आहे. आमच्याकडे मालवणात पावसात लाइट गेली की बॅटरी पुरवून पुरवून जे खेळता येतं, त्यात हा सगळ्यात वरचा.

त्याची सुरुवात जत्रेत होते. दुकानं, शर्यती, गर्दी, आणि एका टेबलावर कुणाचा तरी जेवणाचा डबा. बटण दाबलं की आपला नायक तो खाऊन टाकतो. मी खाल्ला. आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ, खेळणाऱ्याला ती सवयच असते. मडकी फोडायची, पेट्या उघडायच्या, परक्याच्या घरात शिरून कपाटं धुंडाळायची, कुणी हटकत नाही. पुढे नायकावर राजकन्येला पळवल्याचा खोटा खटला उभा राहतो आणि सरकारी वकील साक्षीदार बोलावतो. एक म्हातारा पुढे येऊन सांगतो, ह्याने माझा डबा खाल्ला. त्याच जत्रेत राजकन्येला धक्का लागून ती पडली, तेव्हा तुम्ही आधी तिची विचारपूस केलीत की तिचं पडलेलं लॉकेट उचललंत, तेही कोर्टात निघतं.

मी फोन खाली ठेवला. पहिल्यांदा खेळलो तेव्हाही ठेवला होता. खरोखर लाज वाटली मला.

म्हणून माझं मत असं: आरपीजीतली गोष्ट चांगली होते ती खलनायकाच्या भूतकाळाने किंवा शेवटच्या धक्क्याने नाही. मी जे केलं ते गोष्टीने ध्यानात ठेवलं आणि मी विसरल्यावर माझ्यापुढे आणून ठेवलं, तर ती चांगली. कादंबरीला किंवा सिनेमाला हे करता येत नाही, कारण तिथे मी काही केलेलंच नसतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

तांबडीमाती

धागा चांगला आहे, पण ज्या उदाहरणावर उभा केलात तेच आतून पोकळ आहे. त्या खटल्याचा निकाल कसाही लागो, नायक कोठडीत जातोच. निर्दोष ठरलात तरी आत, दोषी ठरलात तरी आत, आणि दोन्हीकडे देहदंडाची तयारी. डबा खाल्ल्याने गोष्ट तसूभर हलत नाही. तुम्हाला लाज वाटली ती लेखकाने तो प्रसंग बरोबर जागी बसवला म्हणून. म्हणजे श्रेय लेखकाचं, तुमच्या निवडीचं नाही.

मला विचाराल तर आजवरचा सगळ्यात मोठा घाव फायनल फँटसी ७ चा. १९९७, प्लेस्टेशनच्या तीन डिस्कवर आलेला खेळ. पहिली डिस्क संपता संपता एरिथ मरते. तुम्ही तिला तासन्‌तास लढवून तयार केलेलं असतं, तिची जादू वाढवलेली असते, लढाईत जखमा भरायच्या म्हटलं की तिच्याकडेच वळायची सवय झालेली असते. आणि ती जाते. तिथे कुठलंही बटण नाही, कुठलाही पर्याय नाही. पुढच्या लढायांत ती नसते तेव्हा पोटात खड्डा पडतो. तिला वाचवायचा एखादा मार्ग ठेवला असता, तर लोकांनी तो शोधून काढला असता आणि मरण ही फक्त चुकीची चाल ठरली असती.

मी कुडाळ तालुक्यातला. पिंगुळी माझ्या गावापासून लांब नाही. तिथले ठाकर चित्रकथी सांगतात, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती ह्याच परंपरेसाठी. पोथीतली चित्रं ठरलेल्या क्रमाने एकेक समोर धरतात आणि गाऊन कथा सांगतात. पुढचं चित्र कुठलं हे समोरच्याला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर सीता रावणाच्या हाती लागलीच नसती, आणि मग रामायण कसलं?

खाजणकाठ

निकाल तोच लागतो हे मान्य. पण मी निकालाबद्दल बोललोच नव्हतो. आठवणीबद्दल बोलत होतो. गोष्ट दुसरीकडे वळली पाहिजे असा माझा आग्रह नाही, तिने मला ओळखलं पाहिजे.

अंडरटेल (२०१५) घ्या. सुरुवातीला टोरिएल नावाची एक आईसारखी बाई भेटते, तुम्हाला घरात घेते, जाऊ देत नाही, आणि मग तिच्याशी सामना होतो. पुष्कळ जण नकळत तिला मारतात. मग वाईट वाटून जुना सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला टप्पा, उघडतात आणि ह्या वेळी तिला जिवंत सोडतात. आपल्या हिशोबी प्रकरण मिटलं. आणि पुढे एक बोलणारं फूल भेटतं, फ्लावी, आणि तोंडावर सांगतं की तू तिला आधी मारलं होतंस, मग पस्तावून मागे आलास. सेव्ह उघडणं ही खेळाबाहेरची गोष्ट, ती खेळाने आत घेतली. हे लेखकाचंच काम आहे, त्याला नाही म्हणत नाही. पण मी मारलं नसतं तर ते वाक्य लिहिलेलं असूनही माझ्यापर्यंत आलं नसतं.

सुरंगी

दोघांचंही वाचलं. खाजणकाठ दादा, आठवण हवी हे खरं, पण नुसत्या आठवणीने भागत नाही. पुष्कळ खेळ आठवतात आणि बक्षीस देतात. चांगलं वागलात, हे घ्या शंभर गुण. असल्या आठवणीची मला चीड येते.

द विचर ३ (२०१५) मधला बॅरन मला त्यामुळेच मोठा वाटतो. दारुड्या सरदार, बायकोला मारणारा, आणि आता बायको नि मुलगी बेपत्ता म्हणून रडणारा. त्याच्या मारहाणीत पडलेलं मूल नीट पुरलंही नव्हतं, त्याचं भूत झालंय. ते शांत करायचा मार्ग असा की बॅरनने ते स्वतःच्या हातात धरून रात्री वाड्यापर्यंत चालत न्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि उंबरठ्याखाली पुरायचं. हा धिप्पाड माणूस ते विद्रूप अर्भक छातीशी धरून चालतो, ते मध्येच हिसडे देतं, आणि आपण त्याच्या बाजूने चालत असतो. उंबरठ्याशी तो तिला मुलगी म्हणून जवळ करतो, डिआ म्हणून हाक मारतो. ज्या माणसाचा दोन तासांपूर्वी तिटकारा आला होता त्याच्यासाठी माझे डोळे भरले, आणि तिटकारा गेला मात्र नाही. माझं माहेर गुहागरकडचं. घराचा उंबरठा, राखणदार, अवेळी गेलेल्या जिवाचं काहीतरी करावं लागतं, हे आजीच्या तोंडून ऐकत वाढले. पोलंडमधल्या लोकांनी बनवलेला खेळ मला माझ्या आजीच्या ओसरीवर घेऊन गेला.

पुढे झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याचा प्रसंग येतो. त्याला सोडलंत तर अनाथ पोरं वाचतात, पण एक अख्खं गाव मरतं, बॅरनची बायको जाते आणि बॅरन गळफास घेतो. त्याला मारलंत तर बायको जगते, वेडी होऊन, आणि पोरं जातात. मी पोरं वाचवली. परत आले तेव्हा बॅरन झाडाला लटकत होता. कुणी मला शिक्षा दिली नाही की गुण कापले नाहीत. मी नुसती बघत उभी राहिले.

एक वेगळी तक्रारही नोंदवते. जग बुडतंय म्हणून धावत सुटायचं आणि वाटेत कुणाची शेळी शोधून द्यायची, हे अजून किती वर्षं चालणार? घाई दाखवायची असेल तर खरी दाखवा, नाहीतर दाखवूच नका.

पेटारा

मी देवगड तालुक्यातला, घरात दशावतार आहे, मामा अजून कंपनीत स्त्रीपार्ट करतात. तांबडीमाती यांनी चित्रकथी आणली ते वाचून बरं वाटलं, पण तिच्या शेजारीच आमचा दशावतार आहे आणि तो नेमकं उलटं सांगतो. दशावताराला लिहिलेले संवाद नसतात. रात्री रंगायला, म्हणजे तोंड रंगवायला, बसल्यावर आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी, हे वाटून देतात. बाकी सगळं रंगमंचावरच्या बाकड्यापाशी उभं राहिल्यावर. समोरच्याने जो शब्द टाकला तो उचलायचा आणि त्यावर आपला टाकायचा. शेवट काय होणार हे देवळापुढे बसलेल्या प्रत्येक बाईमाणसाला, पोरासोरांना ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. म्हणजे शेवट ठरलेला असणं ही अडचणच नाही. मधलं कुणाचं, हा प्रश्न आहे.

तुम्ही सगळे कॉम्प्युटरवरच्या आणि फोनवरच्या खेळांबद्दल लिहिताय. आरपीजीचं मूळ टेबलावर आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. एक जण मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे पात्रं, आणि फासे. मी तो पहिल्यांदा खेळलो २०२१ च्या मे महिन्यात, तौक्तेच्या वेळी. वादळ गेलं, तारा तुटलेल्या, लाइट कधी येणार ते कुणी सांगेना. लॉकडाउनमध्ये गावी आलेल्या मावसभावाकडे फाशांचा संच होता, वीस बाजूंच्या फाशासकट. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा उलटा करून त्याने त्यावर कोळशाने किल्ला काढला. पडवीत कंदील, बाहेर पडलेल्या कैऱ्यांचा आंबूस वास, आणि आम्ही चौघं.

त्याने ठरवलेली गोष्ट खजिन्याची होती. किल्ल्याच्या दारावर एक पहारेकरी, ज्याला नावसुद्धा दिलेलं नव्हतं. माझी धाकटी बहीण खेळात तर, म्हणजे माणसं पार करणारी होडी, चालवणारी झाली होती. तिने पहारेकऱ्याला थाप मारली, फासा टाकला, एक आला. थाप उघडी पडली. आता मार खायचा, एवढंच उरलं होतं. तर तिने त्यालाच विचारलं, "तुझं नाव काय रे? तू रात्रीचा इथे का उभा?" भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "भिकू. माझी होडी बुडाली, म्हणून ही नोकरी धरली." त्याच आठवड्यात आमच्या बंदरातल्या होड्या फुटल्या होत्या. कुणीच काही बोललं नाही. तीन रात्री आम्ही भिकूची होडी शोधत होतो. खजिन्याचं नाव कुणी काढलं नाही.

ती गोष्ट कुणी लिहिली? भावाने नाही, बहिणीनेही नाही. फाशावर एक आला नसता तर भिकू दारावरच राहिला असता. मला वाटतं, गोष्ट चांगली होते ती चूक झाल्यावर. जिथे चुकलं की सेव्ह उघडून मागे जाता येतं, तिथे भिकू भेटत नाही.

तांबडीमाती

पेटारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भिकूपाशी मीही थांबलो. पण तुम्ही लिहिलंत म्हणून थांबलो, हे लक्षात घ्या. आंब्याची पेटी, कोळसा, कंदील, बुडालेल्या होड्या, हे तुम्ही निवडून मांडलंत. त्या तीन रात्रींत फाशांचे हिशोब, कुणाची पाळी यावरचे वाद, एकाच खोलीत तासभर घुटमळणं, हे सगळंही झालं असणार. ते तुम्ही गाळलंत. म्हणजे गोष्ट नंतर झाली आणि ती तुम्ही केलीत. टेबलावर खेळलेल्यांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. सांगणाऱ्याचे डोळे चमकत असतात आणि ऐकणारा जांभई आवरत असतो. तिसऱ्या माणसाला जी पोचत नाही तिला मी चांगली गोष्ट म्हणणार नाही, चांगली रात्र म्हणेन.

दुसरं असं की तुमच्या भावाने बहिणीचं ऐकलं. मशीन ऐकत नाही. तिथे जे काही आहे ते कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं. डिस्को एलिझियम (२०१९) मध्ये फासा चुकला तर गोष्ट खुंटत नाही, उलट रंगते, त्यातलं कित्येक उत्तम लेखन हरण्यातच आहे. पण तो भिकू कुणीतरी रात्री जागून लिहिलाय. म्हणून मी पुन्हा म्हणतो, लेखकाला मोठं म्हणा.

पेटारा

तिसऱ्या माणसाक सांगूची कित्याक, पण? आमच्या जत्रेतून घराक गेलेलो माणूस आख्यान सांगत बसणा नाय. "राजा काय बोललो रे!" एवढाच सांगता. तेवढा त्याका पुरता.

आणि गाळण्याबद्दल. हो, गाळलं. पण भाऊ गप्प झाला तो क्षण मी रचलेला नाही. तो मी बघितला.

सुरंगी

तांबडीमाती, लेखक मोठा हे मान्य केलं तरी एक उरतंच. मास इफेक्ट ३ (२०१२) च्या शेवटावर लोक का खवळले? तीन खेळ लोकांनी निर्णय घेत आणले, कोण जगलं, कोण गेलं, हे जपत आणलं, आणि शेवटी त्या सगळ्याला न विचारता तीन रंगांचे तीन रस्ते दिले. त्याच वर्षी कंपनीला शेवट वाढवून पुन्हा द्यावा लागला. तुमची एरिथ चालते कारण तिथे निवडीचा शब्दच दिलेला नव्हता. शब्द देऊन मोडला की लेखन कितीही चांगलं असो, लोक माफ करत नाहीत.

तांबडीमाती

हे मात्र बरोबर. शब्दाची बाजू मी धरली नव्हती.

खाजणकाठ

मूळ मत थोडं बदलतो. ओळखलं पाहिजे, असं लिहिलं होतं मी. सुरंगीताईंचा बॅरन वाचून वाटतं, ओळखून गप्प बसलं पाहिजे. माझ्या खटल्यातला म्हातारा बोलतो, तिथे तो बॅरन नुसता झाडावर आहे.

आणि लेखक विरुद्ध खेळणारा ह्यात मला प्लेनस्केप: टॉरमेंट (१९९९) आठवतो. नायक अमर आहे, शवागारातल्या फळीवर जागा होतो, आधीच्या जन्मांतलं काही आठवत नाही. रेव्हेल नावाची एक म्हातारी चेटकीण त्याला विचारते, माणसाचा स्वभाव कशाने बदलतो? पर्यायांची रांग येते. मी अर्धा तास त्या रांगेपाशी होतो. एक निवडला. नंतर कळलं, तिला कुठलंही उत्तर चालतं, तिला फक्त त्याचं उत्तर ऐकायचं असतं. लेखकाने सगळं लिहिलं आणि तेवढी एक जागा माझ्यासाठी मोकळी सोडली. तांबडीमाती, तुमच्या हिशोबात हाही खोटाच पर्याय. मी काय निवडलं ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

तांबडीमाती

खोटाच. पण मी "पश्चात्ताप" निवडलं होतं.

पेटारा

मार्गशीर्षात आमच्या देवळात जत्रा आहे. येणार असाल तर दहापर्यंत या, मामा रंगायला बसलेले असतील. आख्यान कुठलं, ते त्यांनाही तेव्हाच कळेल.